कौसाआत्या आणि अडवलेल्या खुर्च्या

आमच्या कौसाआत्याला यष्टीच्या सीटवर ठेवलेला रुमाल दिसला, की ती जाऊन त्यावर बसते.

चुकून नाही, ठरवून. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या स्टँडवर गाडी लागली, की दार उघडायच्या आत लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, उपरणी आत फेकतात आणि मग निवांत तंबाखू मळत चढतात. ज्याचा रुमाल त्याची सीट, हा आमच्याकडचा सर्वमान्य कायदा. आत्याला तो मान्य नाही. ती शांतपणे चढते, पहिली मोकळी सीट बघते आणि तिच्यावर जे काही पडलं असेल त्यावर बसून घेते. मालक येऊन तणतणायला लागला, की मान वर करून विचारते, "रुमालाचं तिकीट काढलं का बाबा?"

"अवो मावशी, मी जागा धरली व्हती."

"तू कुठं धरली? रुमालानं धरली. मानूस दाव."

'मानूस दाव' हे तिचं शेवटचं वाक्य. त्याच्यापुढे अपील नाही. एकदा एकानं खिडकीतून भलीमोठी पिशवी आत सरकवली. आत काहीतरी टोकदार होतं, त्यामुळे तिच्यावर बसणं शक्य नव्हतं. आत्यानं पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि त्या सीटवर बसून थेट सेनगावापर्यंत आली. मालक वाटभर दांड्याला लटकून. उतरताना तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. "घे तुजं लेकरू. लई गुणाचं हाय, वाटंत रडलं न्हाई."

सेनगावच्या एका दवाखान्यात लोक सकाळी आपल्या चपला रांगेत ठेवतात आणि समोर चहाला जाऊन बसतात. आत्या गेली, की पायानं एकेक चप्पल बाजूला सारत पुढे सरकते. "चपलेला ताप आला व्हय? मानूस दाव." एकदा या सपाट्यात खुद्द डॉक्टरांच्या चपला पायरीखालच्या नालीत गेल्या. डॉक्टरांनी त्या दिवशी अनवाणी पेशंट तपासले आणि आत्याला सगळ्यांच्या आधी आत घेतलं.

ती माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. अंगानं काटक, आवाजानं दणकट. तिचे यजमान फार तरुणपणी गेले. मूलबाळ नाही. गोरेगावात दोन खोल्यांचं घर, दारात शेळ्या आणि गावाबाहेर एक छोटंसं रान, एवढा तिचा संसार. आम्ही हिंगोलीला राहतो. मी तिथं शाळेत गणित शिकवतो. 'आमच्याकडे येऊन राहा' असं मी आणि माझी बायको सुनीता तिला कितीदा म्हणालो, पण ती म्हणते, "मी येते, पर शेरडं कुठं बांधता? तुमच्या ग्यालरीत?" मला ती अजून 'दत्त्या' म्हणते, शाळेच्या पोरांसमोरसुद्धा.

तर अशा बाईला आम्ही बोटीच्या सहलीला नेलं.

ही हौस आमच्या मुलीची, मुक्ताची. ती पुण्यात नोकरीला लागली आणि तिनं ठरवलं, की सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, गोव्याला टेकायचं आणि परत यायचं. तिनं मोबाइलवर आत्याला फोटो दाखवला. निळं पाणी, पांढरी बोट, बोटीच्या गच्चीवर लांबच लांब आरामखुर्च्या आणि त्यातल्या एकीवर डोळे मिटून पडलेली एकटी बाई.

"हिथं करायचं काय?" आत्यानं विचारलं.

"काही नाही आज्जी. बसायचं आणि समुद्र बघायचा."

"बसाया जागा हाय?"

"भरपूर."

"बराबर सांग."

"बराबर सांगते."

आत्यानं शेळ्या शेजारच्या घरी लावून दिल्या आणि निघाली. तिनं समुद्र कधीच पाहिला नव्हता. रेल्वेत सारखं तेच चाललेलं. "मला समिंदर बसून पाह्यचा हाय बरं का. उभ्यानं पाह्याला ती काय वरात हाय?"

बंदरावर पाऊल टाकलं आणि मला फोटोतली ती एकटी बाई आठवली. तिच्याखेरीज सगळा देश तिथं आला होता. बोट संध्याकाळी सुटणार होती, तरी लोक असे धावत होते, की जणू शेवटची जीप चुकतेय. त्या गर्दीत एक भलंमोठं हिंदी बोलणारं कुटुंब होतं. सगळ्यांच्या अंगात एकसारखे नारंगी टी-शर्ट. काका, काकू, जावई, नातवंडं, सगळे नारंगी. त्यांच्यातला एक धिप्पाड, काळ्या चष्म्याचा माणूस हात वर करकरून ओरडत होता, "अपने लोग आगे आओ, अपने लोग!" आणि ते 'अपने लोग' आमच्या पायांवरून पुढे जात होते.

"हे सारे एकाच घरचे?" आत्यानं विचारलं.

"दिसतात तरी तसेच."

"बरं हाय," ती म्हणाली. "कोनीतरी सोबतीला असतंय." आणि तिनं आपला पाय त्यांच्यातल्या एकाच्या बुटाखालून ओढून काढला.

आमच्या खोल्यांना खिडकी नव्हती. आत्यानं भिंतीवर हात फिरवला.

"समिंदर कोन्या बाजूनं हाय?"

"चारी बाजूंनी, आज्जी," मुक्ता म्हणाली.

"मंग इथं काहून दिसत न्हाई?"

मुक्तानं तिला समजावलं, की समुद्र वर गच्चीवर जाऊन बघायचा, खोली फक्त झोपायला. आत्याला ते पटलं. पण गच्चीवर जायला लिफ्ट आणि लिफ्टपुढे गर्दी. आतल्यांनी आधी बाहेर यायचं की बाहेरच्यांनी आधी आत जायचं, हा प्रश्न त्या बोटीवर शेवटपर्यंत सुटला नाही. आत्यानं आपल्यापुरता सोडवला. दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा. आधी आतली शेरडं भायेर निघू द्या, मंग तुमी घुसा." भाषा कुणाला कळली नाही, हात कळले.

जेवणाच्या दालनात तर मला आमच्याकडच्या लग्नांतल्या पंगती सभ्य वाटायला लागल्या. आत्या ताट घेऊन रांगेत उभी. तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, काखेखालून हात येत होते आणि पुऱ्या घेऊन परत जात होते. एका नारंगी जावयानं ताटात पुऱ्यांचा असा डोंगर रचला होता, की त्याला पलीकडचं दिसेना. आत्यानं थोडा वेळ पाहिलं. मग तिनं आमच्या हिंगोलीच्या हिंदीत, रानातून हाक मारावी तशा आवाजात विचारलं, "काय कू इत्ती घाई? जहाज डूब रहा क्या?"

शेवटचे चार शब्द तेवढे दालनभर पोचले. कुणीतरी चमचा खाली टाकला. एक बाई किंचाळली. दोघं-तिघं दाराकडे पळाले. जावयाचा डोंगर कोसळला. मग पांढऱ्या टोपीतला मुख्य आचारी स्वतः बाहेर आला आणि हात जोडून सांगू लागला, की जहाज अगदी ठीक आहे. तोवर रांग मोकळी झाली होती. आत्या पुढे सरकली आणि दोनच पुऱ्या घेतल्या.

सुनीता तोंड लपवत होती. मुक्ता हसत होती. पण गच्चीवर गेल्यावर तिचंही हसू मावळलं.

खुर्च्या होत्या, भरपूर. मुक्तानं बराबर सांगितलं होतं. फक्त त्यांच्यावर माणसं नव्हती. पंचे होते, पिशव्या होत्या, चष्मे, फुगवलेली बदकं, उलटी ठेवलेली सँडल. एका खुर्चीवर नुसता फरसाणाचा पुडा ऐसपैस बसला होता. माणसं खाली चहाला, नाचाला, दुकानात. आमच्यासारखे पुष्कळ लोक त्या रिकाम्या भरलेल्या खुर्च्यांभोवती घुटमळत होते.

आत्यानं फरसाणाचा पुडा उचलला, बाजूच्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली.

लगेच कुठून तरी काळ्या चष्म्याचा तो धिप्पाड माणूस उगवला. "आंटीजी, ये रिज़र्व है."

"किसने किया?"

"हमने."

"तुम किधर थे?"

"नीचे. चाय पी रहे थे."

"तो ये फरसाण इधर हवा खा रहा था?"

आजूबाजूचे हसले. तो चिडला. त्याची बायको आली, दोन भाऊ आले. आवाज चढले. कुणीतरी मोबाइल वर धरला. मुक्तानं आत्याचा हात धरला. "आज्जी, ऊठ ना. लोक व्हिडिओ काढतायत."

आत्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "ऊठते. तू म्हनतीस म्हनून ऊठते. पर उद्या बसनार हाय."

खोलीत जाताना तिनं मुक्ताला एका कर्मचारी बाईला विचारायला लावलं, की या बोटीवर खुर्च्यांचा काही नियम आहे का. बाई गोड हसली. नियम आहे, म्हणाली. कुणी बसलेलं नसेल तर थोड्या वेळानं सामान हलवायचं. पण काय करणार, पाहुणे रागावतात.

"नियम हाय ना?" आत्या म्हणाली. "मंग झालं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं मला हलवून उठवलं. वर गेलो तर खुर्च्यांवर पंचे आधीच अंथरलेले. माणूस एकही नाही. आत्यानं पदर खोचला. एका टोकापासून सुरुवात केली. पंचा उचलायचा, झटकायचा, चौघडी घालायची, टेबलावर ठेवायचा. पुढची खुर्ची. कुणाची वस्तू फेकली नाही, जमिनीवर ठेवली नाही. बाळाची दुपटी घडी करावीत, तसं सगळं. मी तिच्या मागे मागे, इकडेतिकडे बघत.

काठी टेकत फिरणारे एक पारशी आजोबा जवळ आले. "मी बसू का इथे?" त्यांनी त्यांच्या गोड मराठीत विचारलं.

"बसा की. मानूस हाय ना तुमी?"

ते बसले. मग आणखी एक जोडपं बसलं. एक गरोदर मुलगी बसली. बघता बघता सगळी ओळ माणसांनी भरली. शेवटची खुर्ची आत्यानं आणि मी ओढत कठड्यापाशी नेली. खुर्च्यांची सगळी तोंडं पोहायच्या हौदाकडे आणि गाण्याच्या स्टेजकडे होती. आत्यानं आपली तेवढी फिरवून घेतली. पाय वर घेऊन मांडी घातली आणि समुद्राकडे पाहत बसली.

मी विचारलं, "कसा आहे?"

"मोठा हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "आन मोकळा हाय बघ दत्त्या. येवढी जागा, पर कोनी रुमाल टाकला न्हाई."

नारंगी मंडळी नाश्ता करून वर आली आणि जे व्हायचं ते झालं. धिप्पाड माणूस टेबलावरच्या चौघड्यांकडे बघून ओरडायला लागला. या वेळी मुक्ता मधे पडली नाही, ती आत्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. शेवटी पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी आला. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सामान रखकर कुर्सी नहीं रोक सकते. कोई आदमी बैठा होना चाहिए."

"हेच तं मी म्हनून राहिले!" आत्या खुर्चीत उभी राहायचीच बाकी होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर लिफ्टमध्ये आत्याला आपोआप वाट मिळायला लागली. सुनीतासुद्धा ओळख नसलेल्या बायकांना सांगू लागली, "आमच्या आत्याबाई आहेत त्या."

पण नारंगी मंडळी हार मानणारी नव्हती. आम्ही खाली जाऊन आंघोळी उरकून परत आलो, तोवर त्यांनी सकाळचे लोक उठून गेल्यावर ओळीतल्या खुर्च्या पुन्हा धरल्या होत्या. पंचे, पिशव्या, बदकं, सगळं होतं तसं. फक्त मधल्या खुर्चीवर या वेळी एक म्हातारी बसवली होती. पांढऱ्या साडीवर तिलाही नारंगी टी-शर्ट घातलेला. तो इतका मोठा, की बाह्या कोपरांच्या खाली आल्या होत्या. धिप्पाड माणसानं आत्याला दुरूनच म्हातारीकडे बोट करून दाखवलं. घ्या, हा माणूस.

आत्या ओळीसमोर उभी राहिली. म्हातारीकडे पाहिलं, मग अलीकडे-पलीकडे पसरलेल्या सामानाकडे.

"आज्जी, हे चुकीचं आहे," मुक्ता म्हणाली. "एका माणसानं एवढ्या खुर्च्या?"

"मानूस मागितला व्हता. दिला त्यांनी," आत्या म्हणाली आणि मागे फिरली.

मला वाटलं, विषय संपला. पण जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. काचेतून गच्ची दिसत होती, ती तिकडे बघत होती. नारंगी मंडळी आमच्या शेजारच्याच टेबलांवर होती, हसत, एकमेकांना भरवत. आम्ही जेवून वर गेलो. म्हातारी तिथंच. ऊन सरकून तिच्यावर आलं होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, एवढाच फरक. आम्ही सावलीत एका बाकावर बसलो. स्टेजवर ढणढणाट सुरू झाला. नारंगी पोरं हौदातून येऊन पंचा घेत, अंग पुसून पंचा परत टाकत आणि पळत. म्हातारीशी कुणी बोलत नव्हतं. चहाची वेळ झाली.

"दत्त्या," आत्या म्हणाली, "ती म्हातारी उठली न्हाई."

"थकली असेल."

"थकलेलं मानूस येवढं ताठ बसत न्हाई." आणि ती उठली. पुन्हा काही लफडं होऊ नये म्हणून मीही मागे गेलो.

म्हातारीनं तिला येताना पाहिलं आणि घाबरून शेजारच्या दोन पिशव्यांवर हात ठेवले. "ये सब हमारा है," ती म्हणाली. "मैं बैठी हूँ. मैं उठी नहीं."

"मेरे कू कुर्सी नक्को," आत्या म्हणाली. कितीतरी खुर्च्या मोकळ्या असताना ती खाली गच्चीच्या फळीवर बसली, म्हातारीच्या पायांशी. "खाना खाया?"

"बहू लाएगी."

"कब?"

म्हातारीनं पिशवीचा बंद सारखा केला.

"पानी?"

"पानी पिऊँगी तो उठना पड़ेगा." तिनं हळूच सांगितलं. "बहू बोली है, हिलना मत. सुबह एक औरत ने सारा सामान उठा दिया था."

ती औरत कोण, हे म्हातारीला ठाऊक नव्हतं. आत्यानं मान खाली घातली. तिला मान खाली घालताना मी फार क्वचित पाहिलंय.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "समिंदर देख्या?"

"पीछे है ना. आवाज़ आती है."

स्टेजवरचं गाणं संपलं आणि खरोखरच पाण्याचा आवाज आला. आत्या फळीवर बोटानं रेघ ओढत बसली. मग ती बोलायला लागली, म्हातारीकडे न बघता.

"मेरे कू भी ऐसाच बिठाया था. छोटी बहन का लगन था. मैंच पाली थी उसकू, अंगाखांद्यावर. पर मेरा आदमी मर गया था ना तब. मांडव में मत आ, ऐसा कोई नहीं बोल्या. बोले, कौसा, सामानापाशी कोनीतरी पाह्यजे."

"फिर?"

"फिर क्या. कमरे में बैठी. दार बंद. भायेर बाजा. मंगलाष्टकं सुरू झाली. मेरी मुठ्ठी में अक्षता थे, कबसे धरके बैठी थी. सब लोग डाले तब मैं भी डाली. पेटी के ऊपर." आत्या हसली. "दो लोखंडी पेट्या थ्या बाजू बाजूकू. उनकाच लगन लगा दिया मैंने."

म्हातारीला किती शब्द कळले कोण जाणे. तीही हसली, मग हसता हसता तिनं हात पुढे करून आत्याच्या डोक्यावर ठेवला. आत्यानं तो राहू दिला.

आमच्या घरी त्या लग्नाच्या गोष्टी अजून निघतात. जिलबी कमी पडली ती, वऱ्हाडाची बैलगाडी चिखलात रुतली ती. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "चलो."

"सामान?" म्हातारी पुन्हा घाबरली. "बहू चिल्लाएगी."

आत्यानं त्या सगळ्या पंच्यांवरून, पिशव्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता हे सगळं समुद्रात जातंय. पण ती माझ्याकडे वळली.

"दत्त्या, हितं बैस."

"मी?"

"तू मानूस न्हाईस का? बैस. आमी येईपर्यंत एका रुमालाला हात लावू दिऊ नगंस. हिला बोलनी बसतील."

अशा रीतीनं कौसाआत्याचा सख्खा भाचा लोकांच्या अडवलेल्या खुर्च्या राखत बसला. त्या वेळात मी जे ऐकलं ते सांगण्यासारखं नाही. एका बाईनं इंग्रजीत माझी लाज काढली. पारशी आजोबा काठी टेकत आले, माझ्याकडे आणि डाव्या-उजव्या बदकांकडे पाहून म्हणाले, "तुम्हीसुद्धा?" आणि मान हलवत गेले. मी कुणालाही बसू दिलं नाही. आत्याचा हुकूम होता.

त्या दोघी आधी आत गेल्या. नंतर काचेतून मला त्या जेवताना दिसल्या. सुनीता त्यांना वाढून आणत होती आणि आत्या म्हातारीच्या ताटाकडे लक्ष ठेवून होती. मग त्या बाहेर येऊन कठड्यापाशी उभ्या राहिल्या. म्हातारीनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता. वारा तिच्या त्या ढगळ टी-शर्टात शिरून तो फुगत होता. आत्या हातवारे करकरून तिला काहीतरी दाखवत होती. तिथं पाण्याखेरीज काहीच नव्हतं, तरी दाखवण्यासारखं तिला पुष्कळ सापडत होतं.

एवढ्यात तो धिप्पाड माणूस आणि त्याची बायको आली. "आप कौन?" तो म्हणाला. "माँ कहाँ है?"

मी कठड्याकडे बोट केलं.

"मैंने उनको बोला था, हिलना मत," बायको म्हणाली आणि तरातरा निघाली. पण त्यानं तिचा दंड धरला. त्यानं काळा चष्मा काढला होता. तिकडे त्याची आई तोंडावर पदर घेऊन हसत होती, खांदे हलेपर्यंत. तो बघत उभा राहिला.

आत्या म्हातारीचा हात धरून सावकाश परत आली. आजूबाजूचे लोक सरसावून बसले. सकाळचं भांडण पुन्हा होणार म्हणून दोन मोबाइल वर झाले. आत्यानं आवाज चढवला नाही.

"तुम्हारी कुर्सी संभाली हम लोगां ने. देख लो, एक रुमाल नहीं हिल्या," ती म्हणाली. "तुम माँ कू संभालो. सुबह से पानी नहीं पी थी."

त्यानं एका खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली आणि आईला बसवलं. मग तिची खुर्ची, ती बसलेली असतानाच, ओढत समुद्राकडे फिरवायला लागला. ती जड होती. मी हात लावला.

आता तुम्हाला वाटेल, ती मंडळी सुधारली. छे. दुसऱ्या दिवशी पंचे, पिशव्या, बदकं सगळं परत खुर्च्यांवर होतं आणि आत्या परत त्यांच्या चौघड्या करत होती. पण म्हातारीला पुन्हा राखणीला बसवलं नाही. तीच आपल्या पायांनी आली आणि आत्यासोबत पंचे घडी करायला लागली. स्वतःच्या मुलासुनेचे. मुंबईत उतरताना गर्दीत त्या दोघींनी एकमेकींना शोधून काढलं. मुक्तानं म्हातारीचा नंबर आत्याच्या फोनमध्ये घालून दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं.

परवा मी गोरेगावला गेलो होतो. आत्या ओट्यावर बसली होती, फोन कानाला लावून, आणि शेळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होती. "हौ… खाई… भाकरी खाई, भाजी खाई… तुम खाई ना? … बराबर." फोन ठेवला.

"तिचाच?" मी विचारलं.

"व्हय. रोज असतो. कदी ती करते, कदी मी."

"बोलता काय रोज रोज?"

"काई न्हाई. ती इचारते जेवलीस का, मी इचारते तू जेवलीस का. झालं."

"एवढंच?"

"येवढंच म्हंजे?" ती शेळीच्या गळ्यातली दोरी सारखी करत म्हणाली. "हितं मी रांधलं काय आन न रांधलं काय, कोनाला ठावं असतंय?" रागानं नाही, आज ऊन फार आहे म्हणावं तसं. मग ती उठली, आत गेली आणि मला भांड्यांचा आवाज आला. तिनं दोन ताटं मांडली.

"तू तर जेवलीस ना? आत्ताच सांगत होतीस तिला."

"तिला खोटंच सांगितलं," आतून ती म्हणाली. "तिला कशाला काळजी? तू येनार व्हतास म्हनून थांबले. ये, हात धू."